परतीचं भाडं

मामांच्या पंचाहत्तरीला मी मुंबईहून गाडी करून गेले, आणि तिथेच चुकलं.

मराठीत रेल्वेने जातात, एसटीने जातात. टॅक्सी मात्र 'करतात'. नवस करावा, खर्च करावा, तशी. करणारा आला की जाब विचारणाराही आलाच. माझ्या बाबतीत तो पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी मफलर गुंडाळून फाटकाशी उभा होता. कराडच्या पुढे बारा किलोमीटर आत, जानेवारीतली थंडी, आणि मामांनी बॅटरी आधी नंबरप्लेटवर मारली, मग माझ्या तोंडावर.

"पिवळी पाटी," ते म्हणाले. "किती घेतले?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कराड-मुंबई किती टप्पे हे त्यांना झोपेतही सांगता येतं.

"साडेनऊ हजार. टोल धरून."

"एका माणसाचे?"

"गाडीचे, मामा."

"गाडीत माणूस एकच होतं ना?"

विषय तेवढ्यावर थांबला, कारण मामी आतून ओरडल्या की पोरीला आधी घरात तरी घ्या. ड्रायव्हरला ओसरीवर झोपा म्हटलं, तर तो गाडीतच सीट मागे करून झोपला. सकाळी आठला चहाचे कप आले तेव्हा मामा पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने हिशोब मांडूनच बसले होते.

"ऐक. अंतर धर तीनशे दहा. सहा किलोमीटरचा एक टप्पा, म्हणजे बावन्न टप्पे. साध्या गाडीला टप्प्याला दहा रुपये धर. झाले पाचशेवीस. त्यात 17 मार्च 2023 पासून बाईमाणसाला निम्मं तिकीट. दोनशेसाठ. साडेनऊ हजाराला दोनशेसाठनं भाग. छत्तीस. छत्तीस वेळा आली असतीस. गेल्या सालात किती वेळा आलीस?"

"दोनदा."

"हं," म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. तो कागद पुढे उपयोगी पडणार हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

मला वाटत होतं, माझी बाजू भक्कम आहे. "मामा, तुमच्या हिशोबात मी सरळ स्टँडवर उगवते आणि सरळ अंगणात उतरते. शनिवारी ऑफिस सुटलं आठला, अंधेरीत. तिथून मैत्री पार्कला यायचं, रस्त्यात बॅग घेऊन उभं राहायचं. रात्रीची गाडी मला चारला कोल्हापूर नाक्यावर उतरवणार. महालक्ष्मी एक्सप्रेसने आले तर तीही भल्या पहाटेच, आणि कराडचं स्टेशन कराडात नाहीच, ते तिकडे ओगलेवाडीला. पुढे गावाला पहिली एसटी सव्वासहाला. तीनशे किलोमीटर कुणीही नेईल हो. शेवटचे बारा कोण नेणार?"

"मी आलो असतो फटफटीवर."

"पंचाहत्तराव्या वर्षी? पहाटे चारला? उसाच्या ट्रॉल्यांमधून? त्यांना मागे दिवा नसतो हे मला कुणी सांगितलं?"

मामा चहात बघत राहिले. एक गुण मला मिळाला असावा.

लांबच्या प्रवासात वेळ जातो तो सांध्यांत, हे मी गेली वीस वर्षं बघते आहे. घर ते रिक्षा, रिक्षा ते लोकल, लोकल ते बस, बस ते वडापची जीप. प्रत्येक सांध्याला बॅग उचलायची, कुणाला तरी विचारायचं, चुकेल का म्हणून घड्याळ बघायचं. गाडी करणारा माणूस हे सांधे विकत घेऊन टाकतो. म्हाताऱ्या माणसांसोबत निघालं की हे नीट कळतं. माझ्या सासूबाई पाच तास बसू शकतात, पण प्लॅटफॉर्मचा एक जिना चढू शकत नाहीत. डेक्कन क्वीन 1 जून 1930 पासून मुंबई-पुणे धावते आहे, सुंदर गाडी आहे. पण ती जिन्यापाशी येत नाही.

"सासूबाईंचं कबूल," मामा म्हणाले. "आजारी माणूस, बाळंतीण, मयताला निघालेली माणसं, सगळं कबूल. गणपतीत कोकणात जाणारे पाचजण मिळून गाडी करतात, तेही कबूल. रेल्वेचं आरक्षण पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचं, आता साठ दिवस आधी, आणि उघडल्याबरोबर संपतं. पाचजणांत गाडी म्हणजे महाग नव्हेच, डोकी मोजली की झालं. तू एकटीचं बोल."

एकटीचं बोलायचं तर मी आधार शोधायला थेट युरोपात गेले. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडमध्ये ज्वालामुखी फुटला, राखेमुळे विमानं बंद पडली, तेव्हा जॉन क्लीज नावाच्या इंग्रज विनोदी नटाने ओस्लोहून ब्रुसेल्सपर्यंत टॅक्सी केली. दीड हजार किलोमीटर, तीस हजार क्रोनर. मोठ्या माणसाचं उदाहरण दिलं की मामा ऐकतात, असा माझा अनुभव.

"त्याचं विमान बंद होतं ना?"

"हो."

"मग बरोबर केलं त्यानं. 2020 ला लोकांनी ई-पास काढून मुंबईहून गाड्या करून गाव गाठलं, त्यांना मी एक अक्षर बोललो नाही. सगळंच बंद होतं. तुझं काल काय बंद होतं?"

एव्हाना ड्रायव्हर नळावर तोंड धुऊन आला होता. तिशीचा असेल. मामींनी त्याला पोह्यांची बशी दिली आणि तो पायरीवर, आमच्यापासून जरा अंतर राखून बसला. आमचं बोलणं त्याच्याविषयी होतं आणि त्याच्याविषयी नव्हतंही.

"टॅक्सीशी आमचं भांडण नव्हतं," मामा म्हणाले. आता ते रंगात आले. "दादरहून पुण्याला फियाट सुटायच्या, काळ्या-पिवळ्या. ड्रायव्हर 'पुणे, पुणे' ओरडत उभा. तीन सीट भरली की चौथ्यासाठी ताटकळायचं. 1982 ला दिल्लीत एशियाड झालं, त्यानंतर आमच्या निमआराम गाड्यांना लोक एशियाडच म्हणायला लागले. घाईवाला टॅक्सीत जायचा, निवांतवाला एशियाडनं. पण दोघं वाट बघायचे. चौथं सीट भरल्याशिवाय ती फियाट हलायची नाही. म्हणजे ती लहान एसटीच म्हण. तुझी गाडी कुणाची वाट बघत नाही."

"तेच तर विकत घेतलं मी, मामा. वाट न बघणं."

"बाबा, वाट आता आम्ही बघतो," ड्रायव्हर म्हणाला.

आम्ही दोघंही वळलो. त्याने बशी खाली ठेवली. "मॅडमनी दिलेलं भाडं जायचं-यायचं दोन्ही आहे. मी रिकामा जाणार ते धरून. सव्वासहाशे किलोमीटरचा गॅस, एक्सप्रेसवेला एका बाजूचे तीनशेवीस, मग खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, आणि हेच परत जाताना. मालकाचा हप्ता. कराडला परतीची पार्टी मिळते का म्हणून दुपारपर्यंत थांबायचं, नाही मिळाली तर निघायचं. मिळाली तर तो दिवस आपला."

"आणि तू गावाला कसा जातोस?" मामांनी विचारलं.

"वाशीम जिल्ह्यातला आहे मी. ट्रॅव्हल्सनं जातो. स्लीपर, वरचा बर्थ." आणि जरा हसून, "गाडीनं परवडतंय का?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यानेच त्यांचं वकीलपत्र घेतलं.

मी दुसरी बाजू काढली. रात्रीची बाई. एकटी. नाक्यावर पहाटे चार वाजता. यावर कुणी काय बोलणार?

"एसटीत चाळीस माणसं सोबत असतात," मामा शांतपणे म्हणाले. "कंडक्टर असतो, त्याच्या छातीवर बिल्ला असतो. तुझ्या गाडीत एकच माणूस, तोही अनोळखी. जास्त धोका कुठं?"

यावर काय बोलावं कळेना, कारण तो अनोळखी माणूस तिथेच पायरीवर चहा पीत होता. मी तिघींना लोकेशन पाठवून ठेवलं होतं. त्याला ते कळलं नसेल अशी माझी समजूत.

"मॅडमनी पनवेलपर्यंत मोबाइल हातातनं सोडला नव्हता," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. "खोपोलीला चहा घेतला, मग झोपल्या. खंबाटकीच्या घाटातसुद्धा उठल्या नाहीत."

मला एकदम लाज वाटली. आणि खरंही आठवलं: त्या झोपेसाठीच गाडी केली होती. दिवसभर मी लोकांशी बोलून पोट भरते. गाडीत चपला काढल्या, पाय वर घेतले, डोक्यावरून ओढणी घेतली. शेजारी कुणी नाही, 'कुठपर्यंत?' विचारायला कुणी नाही, खिडकी उघडू की लावू याचं भांडण नाही. साडेनऊ हजारांतले दोन-अडीच हजार तरी मी कुणाशी न बोलण्याचे दिले असणार. हे मामांना सांगितलं नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं स्टँडच्या खिडकीतून अनोळखी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, त्याला हे काय सांगणार?

पण त्यांच्याकडे याहून अवघड मुद्दा होता, आणि तो त्यांनी आवाज न चढवता मांडला.

"आपल्या गावाला मुक्कामी गाडी होती. आठवते?"

आठवते. रात्री साडेआठला यायची. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे, सकाळी सहाला तीच गाडी कॉलेजची पोरं आणि दुधाच्या किटल्या घेऊन कराडला जायची. सुट्टीत आलो की गाडीचा हॉर्न ऐकून आम्ही जेवायला बसायचो.

"ती आता नाही. का नाही? आधी ज्याच्याकडं पैसा आला त्यानं मोटारसायकल घेतली. मग वडाप आलं. गाडीत माणसं कमी, भारमान कमी. भारमान कमी म्हणजे उत्पन्न कमी, आणि उत्पन्न कमी की वरून पत्र येतं, फेरी रद्द. तरी रडत-खडत चालली होती. मग ऑक्टोबर 2021 ला संप लागला, तो एप्रिल 2022 पर्यंत. सहा महिने लोकांनी दुसरी सोय बघितली. संप मिटला, गाडी काही परत आली नाही. आता सांग. मुक्कामी गाडी असती तर कराडात आठच्या आत पोचलेलं माणूस घरी आलं असतं की नाही? तू दुपारी निघाली असतीस तर?"

"शनिवारी मला दुपारी निघता येत नाही."

"तुला नाही. खालच्या आळीतल्या म्हातारीला येतं. तिला गाडी करता येत नाही. ती परवा कराडहून वडापच्या टपाला धरून आली म्हण, एवढी दाटी. ज्यांच्या खिशात पैसा आहे ते उठून गेले की मागं राहतात त्यांची फेरी आधी कमी होते. मग उरलेल्यातला एक आणखी उठतो. आज तू जी गाडी केलीस ना, ती तुझ्यासारख्यांनीच तुला करायला लावली."

"म्हणजे भारमान वाढावं म्हणून मी नाक्यावर बसायचं? माणूस भारमानासाठी प्रवास करत नाही, मामा. पोचण्यासाठी करतो."

"मला कुठं कळत नाही? पण मग महामंडळाला शिव्या देऊ नका."

इथे आम्ही दोघंही अडलो. तोवर मला प्रामाणिकपणे असं वाटत होतं की हा सोयीचा आणि पैशाचा वाद आहे. मामांचं तसं नव्हतं. त्यांनी खिशातून तो कागद काढला, घडी उलगडली आणि माझ्यापुढे सरकवला. छत्तीसवर पेन्सिलीने गोल केला होता.

"सालात दोनदा येतेस. मामी पडली तेव्हा फोन केलास. दिवाळीला पार्सल आलं. मग एक दिवस रातोरात गाडी करून येतेस, दारात उतरतेस, सगळी आळी बघते, मुंबईची भाची गाडी करून आली. पोरी, ते भाडं नव्हे. ते दंड आहे. विनातिकीट सापडलेल्याकडून आम्ही घ्यायचो तसा. तिकिटाच्या कितीतरी पट."

मला उत्तर सुचलं नाही. आताही सुचत नाही. माझ्या ओळखीचे पुण्यातले, मुंबईतले, बंगळुरूतले कितीजण असे अचानक गाड्या करून गावी जातात, ते आठवून बघितलं. बहुतेक सगळे असेच, पाच-सहा महिन्यांनी एकदा जाणारे. महिन्याला जाणारा माणूस एसटीत असतो, त्याची सीटही ठरलेली असते.

उत्तर दिलं ते मामींनी. हातातली विळी बाजूला ठेवून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आवं, आणि माझ्या टायमाला काय केलंत?"

मामा काही बोलले नाहीत.

"सत्त्याऐंशी साल," मामी मला म्हणाल्या. "पोटात गाठ झाली होती माझ्या. कराडच्या डॉक्टरनं सांगितलं, परळला न्या. ह्यांच्या खिशात घरच्यांचा एसटीचा पास. एक रुपाया पडला नसता. तरी अँबॅसिडर केली. पगार सगळा त्यात गेला, वर सोसायटीचं कर्ज काढलं."

"तुला बसता येत नव्हतं," मामा म्हणाले. "एसटीत आडवं कुठं पडणार माणूस?"

"मी कुठं नाव ठेवते? आणि गाडी घराच्या मागनं आणली. स्टँडवरनं नाही. कुणी बघू नये म्हणून."

तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता, खंबाटकीचा बोगदाही नव्हता. खंबाटकी, कात्रज, मग खंडाळ्याचा घाट. साताऱ्याकडच्या माणसाला मुंबई म्हणजे तीन घाट होते. मामी मागच्या सीटवर आडव्या, डोकं मामांच्या मांडीवर. वळण आलं की मामा एका हाताने त्यांना धरायचे आणि दुसऱ्या हाताने पुढच्या सीटचा दांडा. दहा तास लागले. हे मामींनी सांगितलं, मामांनी एकदाच मध्ये दुरुस्ती केली: "साडेनऊ."

"आणि परतीचं सांगा की," मामी म्हणाल्या.

"राहू दे."

"परतीला त्या ड्रायव्हरला परळलाच एक मयत मिळालं. विट्याकडचं. दवाखान्याच्या दारातच ती माणसं रडत गाडी बघत होती. आम्ही त्याला जायचं-यायचं भाडं दिलेलं. त्यानं तिथंच दोनशे रुपये परत दिले. म्हणाला, रिकामा जात नाही, तुमचे जास्तीचे ठेवणं बरं नव्हं."

"घेतलेत?" मी मामांना विचारलं.

मामांनी मफलर काढून मांडीवर ठेवला, त्याची नीट घडी घातली. "दवाखान्यात हिचं ऑपरेशन व्हायचं होतं अजून. ते पैसे कुणाच्या मयताचे, हे कळल्यावर हात पुढं होईना. आणि नको म्हणायला पैसा कुठं होता? घेतले."

पायरीवरचा ड्रायव्हर उठून उभा राहिला होता. त्याने रिकामी बशी आणि कप मामींच्या हातात दिले, "निघतो बाबा," म्हणाला.

"कुठं निघतोस? परतीची पार्टी आहे?"

"नाही. बघतो कराडात."

"थांब."

मामा आत गेले, चष्मा आणि फोन घेऊन आले, आणि पुढचा अर्धा-पाऊण तास मी एक निवृत्त वाहतूक नियंत्रक कामावर परतलेला पाहिला. "हॅलो, कोण? मुंबईला कुणी चाललंय का आज? पनवेल? चालेल. किती माणसं?" कुणाचा मुलगा उद्या जाणार होता, त्याला आज जा म्हणाले. कुणी दोन सीट पाहिजेत म्हणालं तर मामा भडकले. "सीट नाही! अख्खी गाडी!" फोन ठेवून मला म्हणाले, "पर्यटन परवाना आहे त्याचा. टप्पा वाहतूक करता येत नाही. एक पार्टी, एक घर, एक भाडं. स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत वडाप दिसलं तर मी हाकलायचो. माझ्या अंगणातनं बेकायदा प्रवासी भरू?"

अखेर खालच्या आळीतलं एक कुटुंब मिळालं. नवरा-बायको आणि दोन पोरं, खारघरला निघालेली, दुपारच्या ट्रॅव्हल्सची तिकिटं काढलेली नव्हती. साडेतीन हजारांत ठरलं. मामांनी दोन्हीकडून घासाघीस केली, म्हणजे पार्टीतर्फे ड्रायव्हरशी आणि ड्रायव्हरतर्फे पार्टीशी, आणि दोघांनाही आपलं नुकसान झालं असं वाटेल अशा आकड्यावर आणून सोडलं.

सामान डिकीत गेलं. धाकटं पोर पुढे बसायचं म्हणून रडत होतं. ड्रायव्हरने दार लावलं, मग परत उघडलं आणि माझ्याकडे आला. पाकिटावर हात होता. तो पायरीवर होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, रिकामा जात नाही मी, तर..."

"ठेव खिशात," मामा मागून म्हणाले. "तिचा दंड आहे तो."

गाडी उसाच्या ट्रॉलीला बाजू देत बांधावरून वळली आणि दिसेनाशी झाली. मामा आत आले. भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं, त्यावर त्यांच्या वाढदिवसाच्या चौकटीत मामींनी कुंकवाचं बोट लावलं होतं. त्याखाली त्यांनी पेन्सिलीने लिहिलं: मुंबई, सुटली 11.40, भारमान पूर्ण.